लाईट गेली की मालक गायचे

आमच्या बोळात लाईट गेली की सगळी माणसं कपाळाला हात लावायची आणि एकच माणूस आनंदानं ओरडायचा. "गेली! गेली बे! या लवकर!" एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, खांद्यावर चादरीत गुंडाळलेली गिटार, असे ते जिना उतरायचे. एकदा शेजारी नवी भाडेकरीण राहायला आली होती. ती डोक्यावर पदर घेऊन रडवेल्या तोंडानं बाहेर आली आणि मला विचारू लागली, "कोण गेली हो?" मी म्हटलं, "लाईट." तिला पटेना. लाईट गेल्यावर एवढा आनंद झालेला माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता.

ते आमचे घरमालक. सोलापुरात चहावाल्यालाही मालक म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही, पण आमचे मालक खरोखरचे मालक होते. चार खोल्या भाड्यानं दिलेल्या, वर त्यांची एक खोली आणि मागं लांबलचक पत्र्याची शेड. शेडमध्ये पूर्वी त्यांच्या वडिलांचे माग होते. ते कधीच विकले गेले. दोन्ही बाजूंना मात्र दुसऱ्यांचे माग सकाळपासून धडधडत असायचे. त्या आवाजानं आमच्या पातेल्यातलं दूधसुद्धा थरथरायचं. मालकांना नेमकी त्याच शेडमध्ये गाणी रेकॉर्ड करायची होती. शेजारचे माग थांबायचे ते लाईट गेल्यावरच. म्हणून लाईट गेली की मालक गायचे. माईक, लॅपटॉप, स्पीकर सगळं इन्व्हर्टरवर. बॅटऱ्या जुन्या. दोन तास चालतात असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि दीड तासात त्या टूं टूं करायला लागायच्या.

बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वरातीचा बँड येतो. यांचा तसला नव्हता. गिटार, ड्रम आणि स्वतः रचलेली मराठी गाणी. तरुणपणी पाच जण होते. मानेपर्यंत केस, घट्ट पँटी. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचे, गणपतीत वाजवायचे. दोन-तीन कॅसेटीही निघाल्या होत्या, त्यांतली एक वर्षभर प्रत्येक पानपट्टीवर वाजत होती म्हणे. पुढं डीजे आले, यांचे केस गेले, पाचांतला एक वारला, एक परदेशात गेला. उरले तिघं. मालक गाणारे. अण्णा ड्रम वाजवणारे, तेलुगू घरातले, बंद पडलेल्या मिलमध्ये जॉबर होते. मागाची दुरुस्ती त्यांच्याकडं असायची. आणि तिसरे एक रिटायर्ड क्लार्क, ते जाड तारांची बेस गिटार वाजवायचे. त्यांना बाकीचे दोघं 'साहेब' म्हणून चिडवायचे. साहेबांची लेक पुण्यात आवाजाचंच काम करते. ती महिन्याची रजा काढून बापाच्या हौसेसाठी आली होती.

वीस-बावीस वर्षांनी हे लोक नवीन आल्बम करायला बसले होते. आठ गाण्यांचा.

"आता कोण ऐकणार हो हे?" बोळातल्या कुणीतरी विचारलं.

"अडीच माणसं," मालक म्हणाले. "साहेबाचा एक कान गेलाय."

साहेबांची लेक पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "काका, सरळ पुण्याला जाऊ या. स्टुडिओ आहे, एसी आहे."

"पुण्यात वाजवलं की पुण्याचं वाजतंय पोरी. आपल्याला हितलं पाहिजे."

इथलं म्हणजे काय, ते मी पाहत होते. चैत्र-वैशाखातलं सोलापूर, वर पत्रा, आणि पंखा लावायचा नाही, कारण पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो. तिघं म्हातारे बनियनवर, डोक्यावर ओले टॉवेल. त्यात मालकांची एक सवय अशी की गाण्याआधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय त्यांना सूर सापडायचा नाही. घसा बसेल म्हणून साहेब ओरडायचे. मालक चटणीचं बोट चाटत म्हणायचे, "बसू दे की. चाळीस वर्षं उभाच हाय."

त्यांच्या अशा पुष्कळ गोष्टी होत्या. बोळातल्या प्रत्येक घरचा कुकर कुठल्या सुरात शिट्टी देतो ते त्यांना पाठ होतं. माझा कुकर त्यांच्या मते थोडा खाली लागायचा. "अक्का, रिंग बदला. तुमच्या डाळीनं माझी तार उतरायलीय." मी खरंच रिंग बदलली. फोनवर बोलताना ते 'ठेवतो' म्हणत नसत. स्वतःचं बोलणं संपलं की फोन बंद. कितीतरी जणांना वाटे ते रागावले आहेत. आणि वाजवताना कुणी चुकलं तर चिडायचे नाहीत, हळूच चुकलं तर मात्र चिडायचे. "चुकायचं तर मोठ्यानं चुक बे साहेब! असं चोरून काय चुकतोस, हापिसात बसल्यासारखं?"

मी या सगळ्यात कशी आले ते सांगते. मी घरी टॉवेलचे धागे तोडायचं काम करते. कारखान्यातून गठ्ठे येतात. टॉवेलच्या कडेला लोंबणारे धागे कटरनं तोडायचे, घडी घालायची, शनिवारी माल परत. कटर म्हणजे बोटांत मावेल एवढी कात्री. दाबली की कट् होते.

शेडमध्ये पहिल्या दिवशी त्यांनी वाजवून पाहिलं तर सगळं पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं येत होतं. मालकांनी भिंतींना चादरी लावल्या. तरी भागेना. मग ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या गठ्ठ्यांकडं बघत बसले. मी पदर सावरून उठले.

"अक्का, हे किती दिवस हायत हितं?"

"शनिवारपर्यंत."

"मग शेडमध्ये ठेवू की. तुमची जागा बी मोकळी होईल."

तिघांनी मिळून गठ्ठे उचलले आणि भिंतीकडेनं रचले. मालकांनी एक टाळी वाजवली, ऐकली, आणि गठ्ठ्यांना हात जोडले. तेव्हापासून शनिवारी माल गेला की शेड पुन्हा बादलीसारखी वाजायची आणि काम बंद. सोमवारी नवा माल आला की चालू. किती गठ्ठे कुठल्या गाण्याला लागतात हेसुद्धा त्यांनी ठरवलं होतं. "ह्याला बारा पाहिजेत अक्का. आठात ते उघडं पडतंय." त्या आठवड्यात मी मुकादमाकडून जास्तीचं काम मागून घेतलं. त्याला वाटलं, मला घर बांधायचं आहे.

गठ्ठे आत म्हणजे मीही आत. मी कोपऱ्यात बसून धागे तोडायची. साहेबांच्या लेकीच्या कानाला हेडफोन, तिला माझा कट् कट् ऐकू यायचा. ती चांगली मुलगी, पण तिचं काम तेच. "काका, मावशींना थोडं बाहेर बसायला सांगता का? आवाज येतोय."

मी लगेच उठायला लागले. मालक म्हणाले, "बसा अक्का. पोरी, त्या काम करायल्यात, आपण गाणी म्हणायलोय. बाहेर कुणी जायचं, तूच सांग."

ती हसली. "नंतर काढून टाकते मग. कॉम्प्युटरवर निघतो तो."

"न्हाई काढायचा," मालक म्हणाले. "कारखान्याच्या गावात रेकॉर्डिंग हाय. कुणीतरी काम करतंय हे कळू दे की."

आणि मग ते पाण्याचं गाणं आलं. आमच्याकडं नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, त्यावर मालकांनी रचलेलं. घागरी, पिंप, पातेली, शेवटी चहाचे कपसुद्धा भरून ठेवले, आता पाहुणा आला तर चहा कशात देऊ, असं होतं त्यात. लाईट गेल्यापासून ते तेच तेच वाजवत होते आणि मी धागे तोडत होते. सहाव्या की सातव्या वेळेला काय झालं कुणास ठाऊक, मी कटर तसाच धरून ऐकत बसले. गाणं संपलं तशी मालकांनी हेडफोन काढून आरोळी ठोकली, "हात थांबला! कटर बंद झाला बे! हेच घ्या!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला जमीन फाटेल तर बरं असं झालं. मी घरी निघून आले ते दुसऱ्या दिवशी लाईट जाऊनही शेडकडं फिरकले नाही. मालक दाराशी आले. आत आले नाहीत, चौकटीला टेकून उभे राहिले.

"अक्का, तुमी काय बी करायचं न्हाई. करायचं म्हणून केलं की ते खोटं होतंय. भिंतीकडं तोंड करून बसा. मी बघत न्हाई, मी नुसतं ऐकतोय."

तसं भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. नियम ठरला. अक्काचा हात चालू राहिला तर गाणं पुन्हा. हात थांबला की घ्यायचं.

"आणि बाई दमल्या म्हणून हात थांबला तर?" साहेबांनी विचारलं.

"तर ते दमलेल्या माणसाच्या कामाचं गाणं झालं. घ्यायचं."

एकदा कटर बोटाला लागला. मी बोट तोंडात धरून बसले आणि माझ्या पाठीमागं तिघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. मी वळून बोट दाखवलं. मालकांनी रक्त पाहिलं आणि तोंड पाडून म्हणाले, "पुसा हे. पुन्हा पहिल्यापासून." मला हसू आवरेना. अण्णांनीच माझ्या बोटाला चिंधी बांधली. बांधताना त्यांचा हात किती थरथरतो ते मला पहिल्यांदा दिसलं.

अशी सात गाणी झाली. आठवं राहिलं.

आठवं गाणं सगळ्यांत जुनं. अण्णांची मिल बंद पडली त्या वर्षी मालकांनी रचलेलं आणि तेव्हापासून तसंच ठेवलेलं. सुरुवात अशी:

भोंगा वाजत नाही, तरी डोळा उघडतो
रस्ता विसरत नाही, पाय तिकडंच वळतो
डबा नको म्हणालो, तरी तिनं भरला

फार हळू चालीचं. जलद गाण्यात अण्णांचा हात थरथरला तरी गर्दीत खपून जायचा. हळू गाण्यात एकेक ठोका वेगळा उभा राहतो, लपायला जागा नाही. दोन दिवस ते याच गाण्याशी झटत होते. तिसरा दिवस शेवटचा होता, कारण दुसऱ्या दिवशी साहेबांची लेक पुण्याला जाणार होती.

त्या दिवशी अकराला लाईट गेली. मालक ओरडले, पण रोजच्यासारखं नाही. चार वेळा वाजवून झालं. चारही वेळा मधेच मोडलं. एकदा तर अण्णांच्या हातातली काठीच उडून माझ्या गठ्ठ्यांवर पडली. माझा कटर चालूच होता. गाण्यानं थांबवल्याशिवाय हात थांबत नाही, मी काय करणार?

साहेबांची लेक हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, या एका गाण्यात मशीनचे ड्रम घालू का? बाकीची सात तुमचीच आहेत. कुणाला कळणारही नाही."

"मला कळंल की," अण्णा म्हणाले, आणि हसले.

साहेब छताकडं बघत होते. मालक तार पिळत बसले होते, ती सुरात असूनही. शेवटी अण्णाच म्हणाले, "घाल पोरी. गाणं बिघडायला नको माझ्यापायी." मग पाणी प्यायला माझ्या बाजूच्या माठाकडं आले. पाणी प्यायले आणि माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"अक्का, एक चिंधी दे की. काठी निसटायलीय."

मी टॉवेलची एक फाटकी पट्टी घेतली, त्यांच्या काठीला गुंडाळली, वरून दोरा आवळला. ते बघत होते. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "त्या गाण्यातला डबा माझ्या बायकोनं भरलेला हाय. मिल बंद झाल्यावर बी महिनाभर भरत होती. मी डबा घेऊन तलावावर जाऊन बसायचो. आता ती न्हाई. साती गाण्यातनं काढा की मला. ह्यातनं नको."

एवढं बोलून उठले आणि ड्रममागं जाऊन बसले. "एकदाच वाजवतो बे मालक. मग घाला मशीन."

बॅटरी टूं टूं करायला लागली होती.

मी भिंतीकडं तोंड केलं. कटर हातात घेतला. मालकांनी गिटारवर पहिला हात फिरवला, अण्णांची काठी पडायला लागली. मी दोन धागे तोडले, तीन तोडले, आणि हात थांबवला. थांबवूनच ठेवला. बोटं चुळबुळ करत होती, इतक्या वर्षांची सवय. मी दुसऱ्या हातानं मनगट धरून ठेवलं. गाणं कसं चाललंय ते मला काही कळत नव्हतं. मी फक्त हात सांभाळत होते.

गाणं संपलं. मालकांनी हेडफोन काढल्याचा आवाज आला.

"अक्का," ते म्हणाले, "नक्की?"

आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी वळले नाही. भिंतीकडंच बघून मान हलवली.

"झालं तर मग. हेच. बंद कर पोरी."

"काका, तिसऱ्या ओळीत एका ठोक्याचे दोन पडलेत."

"पडू देत की."

अण्णा दोन्ही काठ्या काखेत मारून भर उन्हात बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा घेऊन आले. किटली हिंदकळत होती, चहा त्यांच्या पायावर सांडत होता आणि ते तेलुगूत काहीतरी गुणगुणत होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि फार आनंद झाला की बाहेरही तेलुगू, असं त्यांचं होतं. मी चहा घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी आले.

मी खोटं बोलले होते. तोंडानं नव्हे, हातानं. ज्या माणसानं माझ्या हातावर आठ गाणी सोपवली त्यालाच फसवलं. पुढं कितीतरी दिवस मालक जिन्यात दिसले की मी आत वळायची. दोनदा वाटलं सांगून टाकावं. पण सांगितलं तर अण्णा गाण्यातून जातील, आणि नाही सांगितलं तर मालकांचं गाणं कायमचं बिघडलेलं राहील. त्यापेक्षा गप्प राहणं मला सोपं. मी तशीही गप्पच असते.

पावसाळ्यानंतर मालक लेकीकडं नाशिकला राहायला गेले. गुडघे जिन्याला ऐकेनात. जाताना फोन ठेवतात तसेच गेले. रिक्षा आली, चादरीत गुंडाळलेली गिटार आत ठेवली, आणि मी भाकरी टाकून बाहेर येईपर्यंत रिक्षा बोळाच्या तोंडाशी. शेडमध्ये आता कुणाचं तरी गोदाम आहे.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली. आल्बम मोबाईलवर आला तो मागच्या आठवड्यात. एवढा उशीर का, तर साहेबांच्या लेकीला वेळ मिळेल तसं तिनं काम केलं, आणि मालकांनी फोनवरून तिला पिडलं. आमचे हे टेम्पो घेऊन टेंभुर्णीला जातात. परवा जायच्या आधी त्यांनी गाणी लावून दिली, माझ्या कानांत वायरी घातल्या आणि म्हणाले, "बस ऐकत."

मी मांडीवर टॉवेल घेऊन धागे तोडत बसले. पाण्याचं गाणं लागलं आणि मी दचकले. गाण्याच्या मागं, अगदी बारीक, कट् कट्. मी. एक कडवं झालं, आणि कट् कट् बंद. सगळ्या गाण्यांत असंच. कुठं पहिल्या कडव्यानंतर, कुठं शेवटाकडं, माझा हात चाललाय आणि मग थांबलाय. बोट कापलं होतं त्या गाण्यातसुद्धा. ते पुन्हा घेतलेलं. मालकांनी एकही काढू दिला नव्हता.

मग आठवं लागलं. गिटार. अण्णांची काठी. कट्, कट्, कट्. आणि बंद.

मालकांनी अजून तोंडही उघडलेलं नव्हतं.

गाणं सुरू व्हायच्या आधीच माझा हात थांबला होता. हे मी नुसत्या वायरी घालून पहिल्यांदा ऐकलं तरी कळत होतं, आणि ज्यांना चार घरांपलीकडचा कुकर खाली लागलेला कळायचा, त्यांनी त्या दिवशी हेडफोन लावले होते. त्यानंतरही हे गाणं शंभर वेळा ऐकलं असेल.

तोवर तिसरी ओळ आली. 'डबा नको म्हणालो' म्हणून मालक पुढं जाणार, तेवढ्यात अण्णांचा हात थरथरला आणि एकाचे दोन ठोके पडले. मालक थांबले. अण्णांचा हात सावरेपर्यंत, एक श्वासभर, त्यांच्यासाठी थांबले. आणि मग म्हणाले, 'तरी तिनं भरला.'

मी फोन लावला. आयुष्यात मी आपणहून कुणाला फार फोन केलेले नाहीत.

"कोण?"

"मी अक्का. सोलापूरहून."

"ऐकलं व्हय?"

"व्हय."

त्या दिवशी हात मी मुद्दाम थांबवला होता, एवढंच मला सांगायचं होतं.

"काम चालू न्हाई का आज?" मालकांनी विचारलं. "कटरचा आवाज येईना."

मी मांडीवर पाहिलं. टॉवेल तसाच होता, अर्धा तोडलेला. कटर बोटांत नुसता धरलेला.

"थांबलाय हात," मी म्हटलं.

"कितव्या ओळीला?"

"तिसऱ्या."

"हां," मालक म्हणाले, आणि फोन बंद झाला.